कुटुंबमान्य

आमच्या घरमालकांकडे भिंतीत खिळा ठोकायलाही परमिट लागायचं. इंदिरानगरातल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही नऊ वर्षं भाड्याने राहिलो. त्या नऊ वर्षांत मी एकूण चार खिळे ठोकले आणि चारही परमिटं माझ्या फायलीत अजून आहेत. पिवळा कागद, त्यावर कामाचं स्वरूप, सुरू करण्याची वेळ, संपवण्याची वेळ, खाली दोघांच्या सह्या. चौथ्या खिळ्याच्या वेळी भिंतीतून विटेचा तुकडा निघाला आणि काम अकरा मिनिटं लांबलं, तर त्यांनी मला मुदतवाढीचा वेगळा कागद भरायला लावला. मी भरला. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. मी सातपूरच्या एका कारखान्यात मालाची मापं तपासतो. कागदावर आलेली गोष्ट मला जास्त खरी वाटते.

घरमालक काका एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले होते. बत्तीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढलेली. तिथली शिस्त त्यांनी निवृत्तीच्या हारतुऱ्यांबरोबर घरी आणली. मशीन दुरुस्तीला घेतलं की त्याच्या स्विचला लाल पाटी लटकवायची, 'काम चालू आहे, स्विचला हात लावू नये'. ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची, दुसऱ्या कुणीही नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो. एकदा पाटी लावणारा माणूस डबा खायला गेला होता, तर सगळे त्याची वाट बघत उभे राहिले, ही हकीकत मी काकांच्या तोंडून किमान सात वेळा ऐकली आहे. "पाऊण तास," ते म्हणायचे. "पाऊण तास सगळे साहेब उभे. पण नियम म्हणजे नियम." तसली एक पाटी त्यांच्याकडे होती. ती मी गिझरवर पाहिली, मिक्सरवर पाहिली आणि एका उन्हाळ्यात आमच्या कूलरवरही पाहिली.

बायकोला ते 'कुटुंब' म्हणायचे. आता असं म्हणणारी माणसं फारशी राहिली नाहीत. "आमच्या कुटुंबाला विचारून सांगतो" हे त्यांचं नेहमीचं वाक्य, पण विचारताना ते मला कधी दिसले नाहीत. आत जायचे, पाणी प्यायचे आणि बाहेर येऊन उत्तर द्यायचे. काकू सटाण्याकडच्या. नाशिकमध्ये राहून बोलणं शुद्ध झालेलं, पण राग आला किंवा आनंद झाला की माहेरची अहिराणी वर यायची. एरवी त्या फार बोलत नसत. बोलायला जागाही नसे.

त्यांचा मुलगा कॅनडात. एका दिवाळीला तो मुलांना घेऊन आला, टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन आणलं, अठरा दिवस राहिला आणि मशीन इथेच ठेवून गेला. काकांना बंद पडलेलं यंत्र बघवत नसे. "फिरतं राहिलं पाहिजे," ते म्हणाले आणि रोज सकाळी दहा ते अकरा, घड्याळ लावून, ते गेम खेळायला लागले. आनंदासाठी नव्हे, मशीनच्या तब्येतीसाठी.

पंधरा दिवसांनी त्यांनी मला खाली बोलावलं. "अहो इन्स्पेक्टर, जरा गंभीर बाब आहे." मला ते इन्स्पेक्टर म्हणत.

"काय झालं?"

"या खेळांत बायका आहेत."

मी म्हटलं, असतील. ते म्हणाले, असतील नाही, आहेत, आणि कुणाचं लक्ष नाही. टीव्हीवर एक मुलगी दोरीला धरून बर्फाच्या कड्यावर लोंबकळत होती. अंगात बिनबाह्यांचा सदरा. काकांनी चष्मा पुसला. "उणे वीस तापमान असणार तिथे. हिला एक स्वेटर देता येत नाही? पुरुष बघा, कानटोपीसकट आहेत."

हा मुद्दा मला पटला होता हे मान्य करतो. तिथेच ते थांबले असते तर मी त्यांच्याविषयी हे काही लिहिलं नसतं.

ते थांबले नाहीत. त्यांनी लांब पानांचं रजिस्टर आणलं आणि रकाने आखले. खेळाचं नाव, नायक की नायिका, वय, पोशाख, आणि शेवटचा, सगळ्यात रुंद रकाना, 'घरच्यांची संमती'. पोशाखाच्या रकान्यात 'पूर्ण', 'अपुरा' आणि 'हवामानाशी विसंगत' अशा तीन नोंदी असत. संमतीच्या रकान्यात काय लिहावं यासाठी ते प्रत्येक खेळाची सुरुवात तीन-तीनदा बघत. साहसाला निघालेली मुलगी कुणाला सांगून निघाली का, हे शोधत.

मी रजिस्टर चाळलं. बारा वर्षांचा एक मुलगा लाकडी तलवार घेऊन जंगलात शिरला होता. त्याच्यापुढे 'लागू नाही' लिहिलं होतं.

"काका, हा बारा वर्षांचा आहे."

"हो."

"संमती लागू नाही?"

"मुलगा आहे तो."

"आणि ही पस्तिशीची बाई, पुराणवस्तू खात्यात अधिकारी आहे. सरकारी कामाने वाळवंटात गेली आहे. हिच्यापुढे 'संमती आढळली नाही'."

"आढळलीच नाही. मी सुरुवातीपासून बघितलं. आईला एक फोनसुद्धा नाही."

एका खेळात मुलीच्या हातात वडिलांचं जुनं पत्र होतं, त्यावर त्यांनी 'वडिलांचे लेखी पत्र आढळले, मंजूर' असा शेरा मारला होता. पण बहुतेक खेळांत नायिकेचे वडील आधीच वारलेले असत आणि याचा काकांना संशय होता. "या कंपन्या मुद्दाम मारतात त्यांना," ते म्हणाले. "म्हणजे विचारायचा प्रश्नच मिटला. पण मग मुलीचे काका कुठे आहेत? मामा? एवढ्या मोठ्या घरात एक माणूस नाही?"

कडेलोट झाला तो एका राजकन्येच्या खेळात. तिला राक्षसाने बुरुजात कोंडलं होतं आणि ती सगळा वेळ खिडकीत उभी होती. काकांनी तिला पहिल्या झटक्यात मंजुरी दिली होती.

"अहो काका, तिला डांबून ठेवलंय."

"ठेवलंय. पण घरात आहे, पूर्ण कपड्यात आहे, आणि कुठे जात नाहीये."

गल्लीतल्या आयाबापांना मात्र हे रजिस्टर म्हणजे सोय झाली. मुलं काय खेळतात ते स्वतः बसून बघण्यापेक्षा काकांना विचारणं सोपं. महिन्याभरात काकांनी रबरी शिक्का करून आणला, 'कुटुंबमान्य'. मुलं खेळाचं नाव लिहून चिठ्ठी आणायची, काका आठवड्याने शिक्का मारून किंवा न मारता परत द्यायचे. एकदा मंजूर म्हटलं की मंजूर, नामंजूर म्हटलं की नामंजूर. विनवण्या चालत नसत. ही त्यांची एक गोष्ट मला मोठी वाटायची, कारण माझ्याच्याने ते कधी झालं नाही.

एवढ्यात मशीनच्या तासांचा घोळ झाला. वीज केंद्रातल्या सवयीने काका यंत्र किती तास चाललं यावर त्याची देखभाल ठरवत. गेमच्या मशीनमध्येही कुठला खेळ किती तास खेळला याची नोंद असते, हे त्यांना कुणीतरी दाखवलं. आणि त्यांना दिसलं की रजिस्टर आणि मशीन जुळत नाही.

"एक तारखेपासून चोवीस दिवस, रोज एक तास. चोवीस तास व्हायला पाहिजेत. मशीन तेवढ्यात एकसष्टने पुढे गेलंय. मीटर पुढे पळतंय, इन्स्पेक्टर. कंपनीला लिहावं लागेल."

मी रविवारी माझं घड्याळ घेऊन बसलो. एक तास खेळू दिलं, मीटरवर एक तासच चढला. मीटर बरोबर होतं. सदतीस तास कुठून आले हे मला कळेना आणि असं काही उरलं की मला चैन पडत नाही. दोन दिवस मी तो आकडा डोक्यात घेऊन फिरलो. काका दुपारी दोन ते साडेतीन झोपत. रोज दीड तास, चोवीस दिवस, छत्तीस. तरी एक तास उरत होता, म्हणून मी तो विचार सोडून दिला.

खरं तर तो सोडायला नको होता. सुट्टीच्या दुपारी मी वर आडवा पडलेला असताना खालून काकूंचा आवाज मी अनेकदा ऐकला होता. "येडा शे का तू? दार तठे शे." दार तिकडे आहे, असं त्या कुणाला तरी सांगत; मला वाटायचं मांजर असेल. शिवाय काकांच्या रजिस्टरमध्ये खेळांच्या शेवटाबद्दलही नोंदी होत्या आणि काका तर खेळताना पहिल्या खड्ड्यातून वर येत नसत. मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "जेवताना कुटुंबाशी बोलतो. तिचे अंदाज बरोबर येतात. म्हणाली, ती बाई पाण्याखालून जाईल. दुसऱ्या दिवशी बघतो तर खरंच रस्ता पाण्याखालून." त्यांनी त्यापुढे 'अंदाज बरोबर' असं लिहिलं होतं. मीही वाचून पान उलटलं होतं.

आता आमच्या मुलीकडे, सायलीकडे येतो, कारण काकांचं खरं रूप मला तिच्यामुळे दिसलं.

सायली आम्ही तिथे राहायला गेलो तेव्हा बारा वर्षांची होती. तिच्या वाढदिवसाचंही परमिट निघायचं. मुलं नऊ, फुगे चालतील, टिकल्यांची पिस्तुलं नामंजूर. एकविसाव्या वर्षी तिला बेंगळुरूच्या एका संस्थेत गेम बनवायच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. दोन वर्षं तिकडे राहायचं. संस्थेला शनिवारपर्यंत होकार कळवायचा होता. मी नाही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं, बघू. बायको म्हणायची, अकरा वेळा म्हणालात. मी मोजलं नव्हतं.

मुलगी एकटी, एवढ्या लांब, गेम बनवायला, आणि गेममध्ये काय असतं ते मी काकांच्या टीव्हीवर बघितलेलं. गावाकडे भावाला काय सांगायचं हा प्रश्न होता. म्हणून मी एक पळवाट काढली. प्रवेशासाठी तिने एक छोटा साहसाचा गेम बनवून पाठवला होता. मी म्हटलं, "तो आधी काकांना दाखव. त्यांचा शिक्का मिळाला तर बघू."

सायलीने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "चालेल," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी मी अर्धी रजा टाकली. दहाच्या ठोक्याला आम्ही दोघं खाली गेलो. सायलीने लॅपटॉप टीव्हीला जोडला. काका खुर्चीत, मांडीवर रजिस्टर, हातात लॅपटॉपला जोडलेला गेमचा रिमोट. काकू कोपऱ्यात मटार सोलत होत्या.

पडद्यावर एक खोली आली. पाठीला पिशवी लावलेली एक मुलगी. काकांनी आधी पोशाख पाहिला. सलवार, कुर्ता, स्वेटर, पायात बूट. त्यांनी समाधानाने 'पूर्ण' लिहिलं. समोर दार आणि दाराशी खुर्ची टाकून एक माणूस बसलेला. तोंडापुढे पेपर धरलेला. खाली एकच बटण, 'विचारा'.

"वा," काका म्हणाले. "ही पहिली मुलगी जी विचारते आहे."

त्यांनी बटण दाबलं. माणूस पेपर न हलवता म्हणाला, "बघू."

काकांनी परत दाबलं. "बघू."

मला मनात हसू आलं. पोरीने काकांना बरोबर धरलंय असं मला वाटलं. खुर्ची, पेपर, दारातलं बसणं. काका दाबत राहिले आणि तोंडाने मोजत राहिले. चाळिसाव्या वेळी त्यांनी रिमोट खाली ठेवला.

"सायली, हा माणूस मी नाही ना?"

"नाही, काका."

"मी कधी बघू म्हणालोय?"

"नाही. तुम्ही लगेच नाही म्हणता."

"बरोबर." त्यांना बरं वाटलेलं दिसलं. "मग हा कोण आहे?"

सायली लॅपटॉपची वायर सरळ करायला लागली. मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. दहा बावीस झाले होते.

"असला माणूस कंट्रोल रूममध्ये एक दिवस टिकला नसता," काका मला म्हणाले, कारण ऐकायला समोर मीच होतो. "अहो इन्स्पेक्टर, चालू ठेव म्हणा, नाही तर बंद कर म्हणा. बघू म्हणजे काय? तोवर मशीनने काय करायचं? आणि हा पेपर तरी वाचतोय का? मघापासून एक पान उलटलं नाही त्याने."

पेपर किती पानांचा असेल याचा मी अंदाज घेत बसलो.

काका परत दाबायला लागले. साठ झाले, सत्तर झाले. "याचा खेळ पुढे सरकतच नाही," ते म्हणाले. "यात दोष आहे. नामंजूर करावा लागेल." आणि त्यांनी पेन उचललं. सायलीचा चेहरा मला बाजूने दिसत होता. ती काही बोलणार नव्हती. मला वाटलं, तिने ठरवलंच आहे की हे माझ्या मताने व्हायचं, माझ्या नाही तर काकांच्या.

तेव्हा काकूंनी मटाराचं ताट खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि काकांच्या हातातून रिमोट घेतला. मागितला नाही, घेतला.

"चल गं पोरी," त्या पडद्यावरच्या मुलीला म्हणाल्या. "इथं काय मिळायचं नाय."

त्यांनी मुलीला मागे वळवलं. स्वयंपाकघर, कोपऱ्यात पाण्याचं पिंप. पिंप बाजूला ढकललं, मागे दार. दोन्ही अंगठे असे चालत होते की मला क्षणभर त्यांच्या हातांकडेच बघत राहावं लागलं. बाहेर कालवा, पलीकडे डोंगर, लांब उंच धुराडी. मुलगी कालव्यावरून उडी मारून गेली.

काका म्हणाले, "तुला कसं माहीत?"

"सगळ्यांत असंच असतं. जो माणूस नुसता बोलत बसतो त्याच्यापाशी वाट नसते." पडद्यावर एक कुत्रा अंगावर आला. "हट मुडद्या. हाई काय शे इथं?"

"तू खेळतेस?"

"मशीन फिरतं राहायला पाहिजे म्हणाले होतात ना."

"कधी?"

"तुम्ही झोपता तेव्हा. दीड तास."

मला राहवलं नाही. "काकू, तरी एक तास जास्त भरतो."

"ते दात काढायला गेले होते ना एका संध्याकाळी," काकू पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. सदतीस. हिशेब जुळला. त्या घरातल्या सगळ्या कुटुंबमान्य शिक्क्यांमागे कोण होतं तेही त्याच क्षणी जुळलं. गल्लीला वाटायचं शिक्का म्हणजे घरादाराची मान्यता. काकांच्या जुन्या भाषेप्रमाणे त्याचा अर्थ वेगळा होता आणि तोच खरा निघाला, फक्त काकांना माहीत नव्हतं.

पस्तीस मिनिटांत काकू डोंगरमाथ्यावर पोचल्या. तिथे एक फोनचं चित्र आलं आणि खाली बटण. मला वाटलं परत 'विचारा' असेल. 'कळवा' असं होतं. काकूंनी दाबलं. परत सुरुवातीची खोली दिसली आणि तिथल्या माणसाने पहिल्यांदा पेपर खाली घेतला. त्याला चष्मा होता आणि खिशाला स्टीलची सहा इंची पट्टी लावलेली होती. तशी पट्टी नऊ वर्षांत त्या घरात एकाच माणसाच्या खिशाला असायची.

काकांनी पट्टी पाहिली, मग माझा खिसा पाहिला. ते रजिस्टरकडे वळले. संमतीच्या रकान्यावर पेन धरलं. मग रेघ मारून त्यांनी मथळा खोडला आणि वर नवा लिहिला, 'घरी कळवले'. खाली 'आढळले'. शिक्का त्यांनी उचलला आणि काकूंच्या पुढे केला. "तुझा आहे," म्हणाले. काकूंनी मारला. जरा तिरका बसला.

मी सायलीला म्हटलं, "ठीक आहे. जा तू."

"बाबा," ती म्हणाली, "मी सोमवारीच होकार कळवला. पुढच्या मंगळवारचं तिकीट आहे. हे तुम्हाला सांगायचं होतं, पण तुम्ही काकांना दाखव म्हणालात."

मी बघू म्हणणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं.

आता सायली बेंगळुरूला आहे आणि आम्ही पाथर्डी फाट्याला स्वतःच्या फ्लॅटमध्ये. भिंतीत चौदा खिळे ठोकले, परमिट एकाचंही नाही. मागच्या महिन्यात दुपारी अडीचला काकांकडे गेलो. झोपायची वेळ, पण ते ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले. दाराच्या फटीतून टीव्हीच्या स्विचला लटकलेली लाल पाटी दिसत होती.

"काकू आहेत?"

"काम चालू आहे," ते हळू आवाजात म्हणाले.

"मग पाटी काढा की. दोन मिनिटं भेटतो आणि जातो."

"मी कशी काढू? तिने लावलीये."

"किती वेळ लागेल?"

"ते विचारायचं नसतं. सायली काय म्हणते?"

"कळवत असते."

त्यांनी मान हलवली. आतून काकूंचा आवाज आला, कुणाला तरी तठे नको जाऊ म्हणत होत्या. काकांनी दुसरी खुर्ची ओढून दिली आणि आम्ही दोघं बाहेर बसून राहिलो. चहाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. दार उघडलं तेव्हा सवयीने घड्याळ पाहिलं. पाऊण तास झाला होता.